समुद्री टाकीतलं नायट्रेट ६० च्या खाली येतच नाही (सावदा, ६५ लिटर)

केळीकाठ (सावदा) – २१ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथले जुने धागे वाचून वर्षभरापूर्वी समुद्री टाकी लावली. काच ६० बाय ४० ची. दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण ६५ लिटर भरतं. क्लाउनची एक जोडी, एक गोबी, एक झिंगा, पाच-सहा गोगलगायी. प्रवाळात फक्त झोआ आणि मशरूम ही मऊ प्रवाळं, कठीण सांगाड्याचं काही नाही. गाळणीला बाहेरचा कॅनिस्टर आहे. त्यात स्पंज, सिरॅमिक रिंगा आणि कार्बनची पिशवी. आतमध्ये एक वेव्हमेकर (पाणी ढवळणारा छोटा पंप).

जानेवारीपर्यंत सगळं चांगलं होतं. फेब्रुवारीपासून काचेवर दोन दिवसांत तपकिरी थर यायला लागला, मार्चमध्ये दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ आलं, आणि आता झोआ अर्धेच उघडतात. आजचे आकडे: क्षारता ३५, तापमान सकाळी २७ आणि दुपारी ३०, पीएच ८.०, नायट्रेट ६० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.५, डीकेएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ६.८.

दर रविवारी १० टक्के पाणी न चुकता बदलतो. तरी नायट्रेट तीन महिने ६० वर ठाण मांडून आहे. दुकानदाराने दुप्पट ताकदीचा कॅनिस्टर घ्यायला सांगितलंय. पैसे जमवलेत, पण त्याने खरंच फरक पडेल का? घरात सगळ्यांचा जीव त्या माशांवर आहे. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी टाकीपाशी जाते. कृपया नीट सांगा.

पांझरा (धुळे) – २१ एप्रिल, रात्री ११:१५

दादा, मोठा कॅनिस्टर अजिबात घेऊ नका.

कॅनिस्टर काय करतो ते आधी पाहू. उरलेलं खाणं आणि विष्ठा स्पंजात अडकते. ते पाण्यातून दिसेनासं होतं, पण पाण्यातून बाहेर जात नाही, त्याच पाण्यात कुजत राहतं. त्यातून अमोनिया निघतो, जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, मग नायट्रेट. आपल्या साध्या टाकीत ही साखळी बहुतेक तिथेच थांबते. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे जिवाणू लागतात ते प्राणवायू नसलेल्या जागेत, म्हणजे सच्छिद्र दगडाच्या आत खोलवर. रिंगांमधून पाणी जोरात वाहत असेल तर तिथे ते काम फारसं होत नाही. मोठा कॅनिस्टर म्हणजे कचरा साठवायला मोठी जागा, एवढंच.

स्पंज शेवटचा कधी धुतला?

केळीकाठ – २१ एप्रिल, रात्री ११:३२

दीड महिना झाला असेल. "जिवाणू मरतात, वारंवार उघडू नका" असं सांगितलं होतं.

पांझरा – २१ एप्रिल, रात्री ११:५०

ते रिंगांबद्दल खरं आहे, स्पंजाबद्दल नाही. रिंगांना हात लावू नका. स्पंज काढा आणि त्या जागी पांढरा फ्लॉस (कापसासारखा गाळणीचा थर) घाला, तो दर तिसऱ्या दिवशी फेकायचा. कुजायच्या आत बाहेर गेलं पाहिजे, मुद्दा तेवढाच. अगदी धुवायचा प्रसंग आला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा.

सगळं एकाच दिवशी मात्र करू नका. घाई नको करू भाऊ, समदं बराबर हुई जाई.

ठिबकवाला (जळगाव) – २२ एप्रिल, सकाळी ७:०५

पांझरादादांशी सहमत. पण मला दुसराच संशय येतोय. केळीकाठ, तीन गोष्टी सांगा. रोज किती पाणी उडतं? त्याच्या जागी कुठलं पाणी घालता? आणि त्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) किती?

तुमचा त्रास फेब्रुवारीत सुरू झाला आणि उन्हासोबत वाढत गेला. मासे वाढले नाहीत, खाणं वाढलं नाही. मग वाढलं काय?

केळीकाठ – २२ एप्रिल, रात्री ९:२०

आज मोजलं. काल रात्री काचेवर खूण केली होती. २४ तासांत अडीच लिटर! टाकीवर छोटा पंखा लावलाय, नाहीतर दुपारी पाणी ३३ ला जातं.

पाणी घालतो ते घरच्या आरओचं. प्यायला तेच वापरतो, चव चांगली आहे. मूळ पाणी बोअरचं. टीडीएस मीटर शेजाऱ्यांकडून आणला: बोअर ७८०, आरओ ११०.

ठिबकवाला – २२ एप्रिल, रात्री १०:०५

सापडलं, असं मला वाटतं.

आरओतला चांगल्या अवस्थेतला मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) साधारण ९५ टक्के क्षार अडवतो. ७८० चे ४० व्हायला हवेत, तुमचे ११० होतायत. मेम्ब्रेन खराब नसेल तर कारण वेगळं आहे. घरगुती आरओत बहुतेक वेळा एक बारीक स्क्रूचा व्हॉल्व्ह असतो, त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. माणसाच्या पिण्यासाठी ते ठीक. टाकीसाठी मात्र तुम्ही रोज थेट बोअरचं पाणी घालताय, पातळ करून.

आता सावद्याचं बोअर म्हणजे चहूबाजूंनी केळीचे मळे. युरियातला नत्र पिकाला पुरून उरला की खाली झिरपतो आणि नायट्रेट होऊन विहिरी-बोअरमध्ये येतो. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादाच ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेल्या पाण्यातही ४० असू शकतं. शिवाय मेम्ब्रेन इतर क्षारांच्या मानाने नायट्रेट कमी अडवतो.

एक काम करा. नायट्रेटचं किट टाकीसाठी वापरता ना? त्याच किटने आरओचं पाणी तपासा. किट दोन बाटल्यांचं असेल तर दुसरी बाटली अर्धा मिनिट खूप जोरात हलवा. तळाशी भुकटी बसते, ती मिसळली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

केळीकाठ – २२ एप्रिल, रात्री ११:१०

आरओच्या पाण्यात नायट्रेट १० आणि २० च्या मधला रंग. बोअरच्या पाण्यात ४० पेक्षा गडद.

हे पाणी मी वर्षभर घालतोय.

अमळनेरकर_ताई (अमळनेर) – २३ एप्रिल, सकाळी ६:४०

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरी ९० लिटरची टाकी आहे. हिशोब मांडते, म्हणजे ६० चा आकडा कुठून येतो ते दिसेल.

टॉप-अपच्या, म्हणजे उडालेल्याच्या जागी घालायच्या पाण्यात नायट्रेट १२ धरू. रोज अडीच लिटर म्हणजे ३० मिलिग्रॅम. टाकीत ६५ लिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा पीपीएम आणि महिन्याला १४. पाणी उडून जातं पण त्यातलं नायट्रेट उडत नाही, ते टाकीतच राहतं. महिन्याला ७५ लिटर टॉप-अप होतंय, म्हणजे अख्खी टाकी एकदा पुन्हा भरल्यासारखं.

आता रविवारचा बदल. ६० वर १० टक्के काढलं की ६ कमी व्हायला हवेत. पण नवं मिठाचं पाणीही त्याच आरओत कालवलंय, त्यातून १.२ परत आले. म्हणजे आठवड्याला ४.८ गेले. टॉप-अपमधून सव्वातीन आले आणि उरलेलं माशांच्या खाण्यातून. जमा आणि खर्च सारखे झाले, म्हणून काटा ६० वर अडकलाय. तुम्ही काही चुकवत नव्हता, केळीकाठदादा. नळ चालू ठेवून बादली उपसत होता.

हिवाळ्यात पाऊण लिटर उडत असेल, तेव्हा हा वाटा लहान होता. म्हणून जानेवारीपर्यंत सगळं ठीक वाटलं.

तपकिरी थराचंही मूळ बहुधा इथेच असावं. काळ्या पाषाणाच्या मुलखातल्या भूजलात सिलिका भरपूर असते, आणि तपकिरी डायटम त्यावरच आपली कवचं बांधतात.

सातपुडा_७७ (शहादा) – २३ एप्रिल, दुपारी १:३०

मी अजून टाकी लावलेली नाही, तयारी चालू आहे. एक शंका. टॉप-अप गोड्या पाण्यानेच का? समुद्राची टाकी आहे तर मिठाचं पाणी का नाही घालत? आणि मीठ घरचं चालेल का?

पांझरा – २३ एप्रिल, दुपारी २:१५

उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. अडीच लिटर उडालं आणि तुम्ही अडीच लिटर खारं घातलं, तर रोज जवळपास ९० ग्रॅम मीठ वाढेल. आठवड्यात टाकी मीठागर होईल. गोड्या पाण्यानेच भरायचं, आणि एकदम न भरता थोडं थोडं.

घरचं मीठ नाही. ते जवळजवळ शुद्ध सोडियम क्लोराइड असतं, वर आयोडीन. समुद्राच्या क्षारांत तो भाग साधारण ८५ टक्के, बाकी मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. प्रवाळ जगतं त्या बाकीच्यावर. टाकीचं तयार मीठच घ्या. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पण वजनावर विसंबू नका, रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या मीटरने) ३५ बघा. आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेला हवा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारा मीटर ३५ ला चुकू शकतो.

खाडीवरून (डोंबिवली, मूळ चोपडा) – २३ एप्रिल, संध्याकाळी ७:००

माझा मावसभाऊ सुरतला असतो. भुसावळ-सुरत गाडीने कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणलं तर? आपलीच तापी तिथे समुद्राला मिळते. येताना समुद्रातला एखादा जिवंत दगडही आणता येईल. त्याने गाळणी सुधारते म्हणतात.

ठिबकवाला – २३ एप्रिल, रात्री ८:२०

दादा, तापी मिळते म्हणूनच ते पाणी नको. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी प्रचंड, गाळ कायम ढवळलेला. त्यात नदीचं गोडं पाणी, शहराचं सांडपाणी आणि हजिऱ्याचे कारखाने. प्रवाळ तिथे नाही ते काही उगीच नाही.

दगडाबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, कारण नव्या लोकांना माहीत नसतं. आपल्या समुद्रातलं कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. प्रवाळाचा तुकडा चिकटलेला दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाळ उरलंय ते मुख्यतः मालवणला, आंग्रिया बँकेवर, कच्छच्या आखातात. ज्याला प्रवाळ आवडतं त्याने तिथला दगड उचलू नये. कोरडा सच्छिद्र दगड घ्या. दोन-तीन महिन्यांत त्यात जिवाणू वसतात, कुणाच्या तरी जुन्या टाकीतली मूठभर वाळू मिळाली तर आणखी लवकर.

खाडीवरून – २३ एप्रिल, रात्री ९:०५

पटलं. विचार सोडला. माहितीबद्दल आभार.

ठिबकवाला – २४ एप्रिल, सकाळी ६:५०

केळीकाठ, आता पाण्याचं काय करायचं ते.

पिण्याच्या आरओतला व्हॉल्व्ह बंद करू नका, घरच्यांची चव बिघडेल. मेम्ब्रेनमधून निघालेली नळी जिथे कच्च्या पाण्याला मिळते, त्याच्या आधी एक टी आणि छोटा कॉक बसवा. मिनरल कार्ट्रिज असेल तर त्याच्याही आधी. तिथून निघालेलं पाणी डीआय रेझिनच्या नळकांड्यातून न्या. रेझिन राहिलेले क्षार पकडतं. बाहेर टीडीएस ० यायला हवा. शून्य म्हणजे शून्य. रेझिन संपत आलं की आधी ढिलं पकडलेलं सिलिका सुटतं, तेव्हा मीटर कधीकधी १-२ च दाखवतो. म्हणून १ झाला की बदला.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचीच. मे हीटमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात लावू देत नाही. गरम पाण्यात मेम्ब्रेनमधून क्षार जास्त निसटतात, आणि ४५ अंशांपुढे मेम्ब्रेनच खराब होतो. आरओ पहाटे पाच-सहाला चालवा, दिवसभराचं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवा. बाजूला जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवा.

टॉप-अप आपोआप व्हावा म्हणून कूलरचा बॉल व्हॉल्व्ह छान चालतो, पण पूर्ण प्लास्टिकचा. पितळी दांडीचा अजिबात नको. पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते सुटतं, आणि झिंगे-गोगलगायी तांब्याने मरतात. आमच्या गल्लीतल्या एका टाकीत हेच झालं. चार दिवस कुणाला कळलंच नाही झिंगे का जातायत. आठ मिलिमीटरच्या नळ्या, कॉक, जोड सगळं ठिबकच्या दुकानात मिळतं. जळगाव जिल्ह्यात राहून हे महागाचं परदेशी सामान कशाला घ्यायचं?

केळीकाठ – २४ एप्रिल, रात्री १०:००

इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. रेझिनची ऑर्डर टाकली. दुकानातून टी, दोन कॉक आणि नळी आणली, कॅनिस्टरच्या किमतीच्या मानाने काहीच खर्च नाही. स्पंज काढून फ्लॉस घातला. स्पंज पिळला तर काळं पाणी निघालं, त्याचा वास तुम्हाला सांगवत नाही.

स्किमर घ्यावा का? आणि पंख्यामुळे जास्त पाणी उडत असेल तर पंखा बंद करू का?

अमळनेरकर_ताई – २५ एप्रिल, सकाळी ६:३०

पंखा बंद करू नका! पाणी उडणं हा तुमचा शत्रू नाही, फक्त जागी येणारं पाणी शुद्ध हवं. माठ गार होतो त्याच तत्त्वावर तुमची टाकी गार राहतेय. एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. ६५ लिटरच्या टाकीतून ती सगळी एकदम निघाली असती तर पाणी जवळजवळ ९ अंशांनी उतरलं असतं. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता परत येत राहते, म्हणून तुम्हाला ३३ चे ३० दिसतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा जितकं काम करतो तितकं मुंबईच्या दमट हवेत करणार नाही. खान्देशात चिलरशिवाय (पाणी गार करायच्या यंत्राशिवाय) प्रवाळाची टाकी टिकते ती यामुळेच. जुलैत हवा ओली झाली की पंख्याचा जोर कमी होईल, पण तोवर बाहेरचं ऊनही उतरलेलं असतं.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षाही कमी. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसात. ३१ ला सहाच्या आसपास. त्यासाठीही स्किमर उपयोगी, तो पाण्यात सतत हवा मिसळतो.

स्किमरचं मुख्य काम वेगळं. डाळ शिजताना वर फेस येतो आणि आपण तो पळीने काढतो ना, तसंच. प्रथिनं आणि मेद बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून हे तिथे जमतं, गोड्या पाण्यात नाही. फेस वर चढून कपात जमतो आणि आपण तो ओतून देतो. नायट्रेट झाल्यावर स्किमर ते काढू शकत नाही, पण कुजण्याआधीचा माल उचलतो. काचेला टांगायचा छोटा पुरेल. कपातलं पाणी चहासारखं गडद निघेल असा तो बसवा, आणि कप आठवड्यातून दोनदा धुवा, कडेला चिकटपणा आला की फेस चढत नाही.

पांझरा – २५ एप्रिल, सकाळी ९:१०

ताईंशी सहमत. पण माझं मत विचाराल तर स्किमरच्या आधी चिटो शेवाळ. गुंतलेल्या हिरव्या मासेमारीच्या दोऱ्यासारखं दिसतं. कॅनिस्टरऐवजी मागे एक छोटी काचेची पेटी टांगा, त्यात चिटो आणि साधा पांढरा एलईडी. दिवा रात्री लावायचा, टाकीचा बंद असताना. दिवसा टाकीतलं शेवाळ आणि प्रवाळ कार्बन डायऑक्साइड घेतं, रात्री सगळेच सोडतात आणि पीएच उतरतो. चिटो रात्री जागं असेल तर तो उतार कमी होतो. वाढलं की मूठभर तोडून टाका, तेवढं नायट्रेट आणि फॉस्फेट टाकीबाहेर गेलं. माझ्याकडे जास्तीचं आहे, धुळ्याला कधी आलात तर न्या. पैसे नकोत.

खाण्याचं सांगायचं राहिलं. गोठवलेलं खाणं देता का? ते वितळल्यावर जे पाणी सुटतं ते फॉस्फेटने भरलेलं असतं. चहाच्या गाळणीत धरून आरओच्या पाण्याने धुवा, मग द्या. दोन क्लाउन आणि एका गोबीला दिवसाला अर्धी चिमूट पुरते. मुलीला खाऊ घालायची हौस असेल तर तिला दोनदा थोडं थोडं घालू द्या, एकदाच भरपूर नको.

केळीकाठ – २५ एप्रिल, रात्री ९:४०

अख्खा तुकडा टाकत होतो, तोही न धुता. उद्यापासून बंद. पुढच्या शनिवारी धुळ्याला येतो, दादा.

डीकेएच ६.८ आहे. चुन्याची निवळी टॉप-अपच्या पाण्यात घालून चालते असं एका जुन्या धाग्यात वाचलं. घालू?

अमळनेरकर_ताई – २६ एप्रिल, सकाळी ६:४५

इथे फार जपून. तो सल्ला थंड देशांतून आलाय, जिथे छोट्या टाकीतून दिवसाला अर्धा लिटर उडतं. ते लोक सगळा टॉप-अप निवळीनेच करतात. तुमच्याकडे अडीच लिटर! संपृक्त निवळी अडीच लिटर घातली तर एका दिवसात डीकेएच चारपेक्षा जास्त चढेल. टाकीत पांढरा बर्फ पडल्यासारखा साका बसेल आणि पीएच इतका उडेल की मासे जातील.

तुमच्या झोआ-मशरूमला कॅल्शियम फारसं लागतच नाही. आधी दोन-तीन आठवडे नुसते पाणी बदल करा, चांगल्या मिठानेच डीकेएच ७.५ - ८ ला येईल. नंतरही पडत राहिलं तर रोज रात्री २०० मिलिलिटर निवळी थेंबथेंब सोडा, त्याने साधारण ०.३ चढेल. बाकी टॉप-अप साध्या शुद्ध पाण्याचा. निवळी म्हणजे वरचं नितळ पाणीच, तळाचा साका नाही. पानाला लावायचा चुना वापरू नका, त्यात काय काय असेल सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. डोळ्यांत उडू देऊ नका, मुलीच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

ठिबकवाला – २६ एप्रिल, सकाळी ८:००

थेंबथेंब सोडायला कॅनला बारीक मायक्रोट्यूब लावा आणि तिला सैल गाठ मारा. गाठ घट्ट-सैल करून थेंब जुळवता येतो. ड्रीपर वापरू नका. त्याला दाब लागतो, कॅनच्या उंचीवर तो नीट चालत नाही आणि चुन्याने तुंबतो.

केळीकाठ – १२ मे, रात्री १०:३०

उशिरा लिहितोय, केळीची कापणी चालू होती.

रेझिन बसवलं, टीडीएस ०. दोनदा २५ टक्के पाणी बदललं, आठवड्याचं अंतर ठेवून. फ्लॉस दर तिसऱ्या दिवशी बदलतो. पांझरादादांचं चिटो मागच्या पेटीत हिरवंगार आहे. दादा, तुमच्या घरच्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यांना आमचा नमस्कार सांगा.

नायट्रेट ३०. फॉस्फेट मात्र ०.४ वरच. तपकिरी थर आता पाच दिवसांनी येतो. लोखंडी फॉस्फेट रिमूव्हर घालू का?

पांझरा – १३ मे, सकाळी ७:२०

फॉस्फेट उशिराच उतरेल. वर्षभर ते दगडात आणि वाळूत मुरलंय, पाण्यातलं कमी झालं की दगड परत सोडतो. रिमूव्हर घालायचाच तर सांगितलेल्या मात्रेच्या पाव भाग, आणि दर चार दिवसांनी तपासत. एकदम ०.४ वरून ०.०२ वर आणलंत तर झोआ पांढरे पडतील.

शून्य करायचा ध्यास धरू नका. नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०५-०.१ ला प्रवाळ सुखात असतं. दोन्ही शून्य झालं की डायनो नावाचं चिकट तपकिरी संकट येतं. मी त्यात चार महिने घालवलेत, केसाळ शेवाळ त्यापेक्षा कितीतरी बरं.

केळीकाठ – ४ जून, पहाटे ५:१५

काल संध्याकाळी वादळ झालं. बाग आडवी झाली आमच्याकडे, शेजाऱ्यांचीही. खांब पडलेत, वीज सात वाजल्यापासून नाही. इन्व्हर्टर रात्री दोनला संपला. मासे वर येऊन तोंड उघडतायत. काय करू?

अमळनेरकर_ताई – ४ जून, पहाटे ५:२८

तांब्याने टाकीतलंच पाणी घ्या आणि अर्ध्या हातावरून परत ओता. दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस वेळा. खाणं अजिबात देऊ नका. कॅनिस्टर तासन्‌तास बंद आहे, वीज आली तरी तो तसाच चालू करू नका! आतलं पाणी सडलेलं असेल. आधी ते बाहेर ओता, रिंगा टाकीच्या पाण्यात खळबळा, मग लावा.

ठिबकवाला – ४ जून, पहाटे ५:४०

बॅटरीवरचा एअर पंप मासेवाल्यांकडे किंवा गळ विकणाऱ्यांकडे मिळतो. रावेर-फैजपूरला उघडलं की बघा. नाहीतर मोटारसायकलच्या बॅटरीला १२ व्होल्टचा कुठलाही छोटा पंप लावून हवा द्या.

आणि दादा, बागेचं ऐकून वाईट वाटलं. पंचनाम्याला फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे.

केळीकाठ – ४ जून, रात्री ९:००

दुपारी एकला वीज आली. मुलगी आणि मी आळीपाळीने तांब्या ओतत होतो. तिघेही मासे वाचले. एक गोगलगाय गेली. कॅनिस्टर उघडला तेव्हा कुजक्या अंड्याचा वास होता. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी बटण दाबलंच असतं.

बागेचा पंचनामा परवा होईल. चौकशी केल्याबद्दल सगळ्यांचे आभार.

पांझरा – ४ जून, रात्री ९:३०

पुढच्या वेळेसाठी: कॅनिस्टर इन्व्हर्टरवरून काढा, फक्त वेव्हमेकर ठेवा, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे करून. पाच-सहा वॉटवर रात्र निघते. रिंगाही हळूहळू, आठवड्याला एक मूठ, कमी करत जा. एवढ्या दगडात जिवाणू आहेत, कॅनिस्टरची गरज उरणार नाही. बंद डबा वीज गेल्यावर सडतो, उघडा दगड सडत नाही.

केळीकाठ – २९ जून, रात्री १०:१०

पाऊस सुरू झाला. टाकीतून आता दिवसाला लिटरभरच पाणी उडतं. कॅनिस्टर पूर्ण काढला. मागे चिटोची पेटी आणि टांगलेला छोटा स्किमर, बस्स.

आजचे आकडे: नायट्रेट १२, फॉस्फेट ०.१५, डीकेएच ७.९ (निवळी लागलीच नाही), तापमान २७ ते २८.५. केसाळ शेवाळ एका दगडावर उरलंय. झोआ सकाळी दहाला पूर्ण उघडलेले असतात. मुलीने मोजले, ४३ तोंडं आहेत, मार्चमध्ये ३० होती.

सातपुडा_७७ – ३० जून, सकाळी ८:१०

हा धागा सुरुवातीपासून वाचतोय. टाकी घ्यायच्या आधीच आमच्या बोअरचं पाणी तपासलं. टीडीएस ९४०, नायट्रेट ५० च्या वर. आमच्याकडे आजी आणि सहा महिन्यांचं बाळ आहे, बाळाच्या दुधाची पूडही त्याच पाण्यात कालवत होतो. उकळून घ्यायचो, तेवढं बास वाटायचं.

अमळनेरकर_ताई – ३० जून, सकाळी ८:२५

भाऊ, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. बाळासाठी ते पाणी आजपासून बंद करा, ४५ च्या वर तान्ह्या बाळाला खरा धोका असतो. डॉक्टरांना आकडा सांगा. आरोग्य केंद्रातून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना पाठवता येतो, तो आजच द्या. टाकीचं नंतर बघू.

सातपुडा_७७ – ३० जून, दुपारी १२:४०

नमुना दिला. बाळासाठी बाहेरचं पाणी आणलं.